तीन म्हणजे दोनापेक्षा मोठे? प्रत्येक वेळी नाही!

पेंटियम फोर विरुद्ध ॲथलॉन ६४. गेमिंगच्या मैदानातली ही वीस वर्षांपूर्वीची मॅच आज पुन्हा कशाला बघायची? तर पुढचा लॅपटॉप ईएमआयवर घेण्याआधी बघायची... म्हणून!

आकडा मोठा म्हणजे माल भारी! मोबाइलचा कॅमेरा असो, फ्लॅटचा एरिया असो की सीव्हीवरचा एक्स्पिरिअन्स... आपला हिशेब सोपा असतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर हा फंडा अख्ख्या एका पिढीने गिरवला. २००३-०४ च्या सुमारास कुणाच्या घरी नवा पीसी आला की शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पेंटियम फोर ना?’ आणि दुसरा, ‘किती गिगाहर्ट्झ?’ उत्तरात ‘तीन’ ऐकू आलं की चहाबरोबर कौतुकही व्हायचं. प्रोसेसर म्हणजे नेमकं काय, हे त्या काकांनाही ठाऊक नसायचं आणि पीसी घेणाऱ्यालाही. पण तीन हे दोनापेक्षा जास्त असतात, एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

गंमत अशी की त्याच दिवसांत बाजारात दोन गिगाहर्ट्झवर चालणारा एक प्रोसेसर होता. त्याचं नाव ॲथलॉन ६४. आणि गेम सुरू केला की हा ‘दोनवाला’ त्या ‘तीनवाल्या’ला बऱ्याचदा मागे टाकत होता. किंमत कमी, आकडा कमी, जाहिरात तर जवळजवळ नाहीच. तरीही!

हे झालं कसं? आणि झालं, तर मग आपल्याकडे घराघरांत पेंटियमच का आला? चला, बघू या.

आधी ओळखपरेड

इंटेलचा पेंटियम फोर आला नोव्हेंबर २००० मध्ये. सुरुवातीचे वेग होते १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. मग आकडा चढत गेला आणि जून २००३ मध्ये ३.२ गिगाहर्ट्झचा पेंटियम बाजारात उतरला. हजाराच्या लॉटमध्ये एका चिपची किंमत होती ६३७ डॉलर. शिवाय टीव्हीवर १९९४ पासून वाजणारी ती ‘इंटेल इनसाइड’ची धून होतीच. जाहिरातीचं बाकी सगळं विसरलं, तरी ती धून कानातून गेली नाही.

समोर होती एएमडी. २३ सप्टेंबर २००३ ला त्यांनी ॲथलॉन ६४ आणला. मॉडेल ३२००+, खरा वेग २ गिगाहर्ट्झ, किंमत ४१७ डॉलर. नावातला ३२०० हा आकडा म्हणजे एएमडीची युक्ती होती. ‘आमची चिप चालते दोनवर, पण काम करते ३२०० च्या तोडीचं,’ असं ते नाव सुचवत होतं. दुकानदारालाही मग गिऱ्हाइकाला तेच समजवावं लागे, ‘तसा दोनचा आहे, पण तुम्ही ३.२ चाच समजा.’ आता असं म्हटल्यावर कुणाला संशय येणार नाही? तीन हवेत तर सरळ तीनच घेऊ की!

इंटेलला मात्र या ‘दोनवाल्या’ची धास्ती होती. ॲथलॉन ६४ यायच्या आठवडाभर आधीच त्यांनी ‘पेंटियम फोर एक्स्ट्रीम एडिशन’ जाहीर केली. खास गेमर्ससाठी, २ एमबी जादा कॅश मेमरी असलेली. नोव्हेंबरमध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत होती ९२५ डॉलर. टेक पत्रकारांनी तिचं लगेच बारसं केलं, ‘इमर्जन्सी एडिशन’!

२००४ हे गेमर्ससाठी सोन्याचं वर्ष ठरलं. मार्चमध्ये ‘फार क्राय’, ऑगस्टमध्ये ‘डूम ३’, नोव्हेंबरमध्ये ‘हाफ-लाइफ २’. तिन्ही गेम मशिनचा घाम काढणारे. आणि या तिन्ही गेम्सच्या त्या वेळच्या टेस्टमध्ये प्रोसेसरच्या कामात ॲथलॉन ६४ चं कुटुंब पुढे होतं.

आमची रविवारची मॅच

वाचलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. डोंबिवलीत माझ्या एका मित्राचा मोठा भाऊ आहे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादाचा एके काळी सायबर कॅफे होता. आता तो नोकरी करतो, पण जुने डबे त्याने जिवापाड जपलेत. माळ्यावरून त्याने दोन मशिन्स खाली काढली. एकात ३.२ चा पेंटियम फोर, दुसऱ्यात ॲथलॉन ६४ ३२००+. दोन्हीत एक-एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी आणि आळीपाळीने लावायला एकच ग्राफिक्स कार्ड, रेडिऑन ९८०० प्रो. मॉनिटर सतरा इंची, ढेरपोट्या काचेचा.

‘रेझोल्यूशन ८०० बाय ६०० च ठेवायचं,’ दादाने पहिलाच नियम सांगितला.

‘एवढं कमी? दिसेल का काही?’

‘अगं, रेझोल्यूशन वाढवलंस की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. मग दोन्ही मशिन्स सारखीच दिसतात. आपल्याला कार्डाची नाही, प्रोसेसरची परीक्षा घ्यायचीये ना?’

एकदम पटलं! पुढचा दिवसभर आम्ही खेळलो, म्हणजे तो खेळला आणि मी वही घेऊन बसले. ‘डूम ३’ मध्ये टाइमडेमो नावाची सोय असते. ठरलेला प्रसंग गेम स्वतःच पळवून दाखवतो आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती फ्रेम्स निघाल्या ते सांगतो. तो आम्ही दोन्ही मशिन्सवर तीन-तीनदा चालवला आणि तिन्ही वेळा ॲथलॉन पुढे. माळ्यावरची मशिन्स म्हणजे काही लॅब नव्हे, त्यामुळे इथे आकडे मिरवत नाही. पण डोळ्यांना जे कळलं ते सांगते. ‘फार क्राय’ मध्ये नुसतं बेटावर फिरताना फरक जाणवत नाही. पण सात-आठ शत्रू एकदम अंगावर आले, पिंपं गडगडायला लागली, गोळ्या उडायला लागल्या, की पेंटियमवर चित्र किंचित अडखळायचं. ॲथलॉनवर तोच प्रसंग मऊसूत. आणि गेममध्ये माणूस मरतो तो नेमका त्या अडखळण्यातच!

मग दादाने शेवटचा पत्ता काढला. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने पेंटियम फोरची नवी आवृत्ती आणली होती, प्रेस्कॉट. वेग तोच ३.२ गिगाहर्ट्झ आणि बसते त्याच सॉकेटमध्ये. दादाने चिप बदलली. नवी म्हणजे जास्त वेगवान असणार असं मला वाटलं. छे! गेममध्ये काडीची सुधारणा नाही. फॅन मात्र मिक्सरसारखा घोंघावायला लागला. जुन्या ३.२ चा उष्णतेचा रेटेड आकडा ८२ वॉट होता, प्रेस्कॉटचा १०३ वॉट. बिनएसीच्या खोलीतला मे महिना आणि टेबलाखाली हे धूड, कल्पना करा...

उडुपी हॉटेलचा भटारखाना

आता असं का होतं? घाबरू नका, इंजिनीअरिंगचा तास घेत नाहीये.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. ३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. पण एका ठोक्यात काम किती उरकतं, हे काही तो आकडा सांगत नाही.

गर्दीच्या वेळचं उडुपी हॉटेल डोळ्यासमोर आणा. भटारखान्यात डोसा तयार होतोय. एका हॉटेलात ओळीने १२ माणसं उभी आहेत. एक पीठ घालतो, एक पसरवतो, एक भाजी भरतो. दुसऱ्या हॉटेलच्या मालकाने त्याच कामाचे २० तुकडे केले आणि २० माणसं उभी केली. प्रत्येकाचं काम एवढंसं, त्यामुळे ओळ झपाझप सरकते. बाहेरून बघणारा म्हणेल, काय स्पीड आहे! ॲथलॉन ६४ चं काम साधारण १२ टप्प्यांत चाले, त्या पेंटियम फोरचं २० टप्प्यांत. प्रेस्कॉटमध्ये तर इंटेलने ते ३१ वर नेले. गिगाहर्ट्झचा मोठा आकडा येत होता तो या लांबलचक ओळीतून.

सगळ्यांना मसाला डोसाच हवा असेल, तर लांब ओळ झक्कास चालते. पण गिऱ्हाईक मध्येच म्हणालं, ‘मसाला नको, साधा द्या’, की ओळीतले सगळे अर्धवट डोसे वाया! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रोसेसरचंही तसंच. तो पुढची ऑर्डर यायची वाट बघत बसत नाही, अंदाज बांधून काम सुरू करतो. अंदाज चुकला की अख्खी ओळ रिकामी करावी लागते. ओळ जितकी लांब, तितकं नुकसान मोठं.

आणि गेम म्हणजे तर नुसता जर-तरचा कारखाना. शत्रू डावीकडे वळला तर? गोळी लागली तर? दार उघडं असलं तर? दर क्षणाला ऑर्डर बदलणारं गिऱ्हाईक!

दुसरं कारण भांडाराचं. प्रोसेसरला लागणारा माल असतो रॅममध्ये. पेंटियम फोरला तो आणायला मदरबोर्डावरच्या दुसऱ्या एका चिपमार्फत जावं लागे. ॲथलॉन ६४ मध्ये एएमडीने रॅमचा कारभार बघणारा भाग थेट प्रोसेसरच्या आतच बसवला. कागदावर पेंटियमचा रस्ता दुप्पट रुंद, सेकंदाला ६.४ जीबी. आमच्या ३२००+ चा ३.२ जीबी. पण गेमला बहुतेक वेळा थोडाच माल लागतो, फक्त तो या क्षणी हवा असतो. चार मिरच्या हव्या असतील तर टेम्पो काय कामाचा? हाताशी फडताळ हवं!

पेंटियमचीही बाजू ऐका

आता म्हणाल, म्हणजे पेंटियम अगदीच टाकाऊ? मुळीच नाही. संध्याकाळी दादाने जुन्या लग्नाची एक व्हिडिओ क्लिप दोन्ही मशिन्सवर कन्व्हर्टला लावली. इथे पेंटियमने बाजी मारली. कारण उघड आहे. व्हिडिओचं काम म्हणजे लग्नाची पंगत. मेनू ठरलेला, हजार पानं एकसारखी वाढायची. लांब ओळ आणि रुंद रस्ता, दोन्ही कामाला येतात. ‘क्वेक ३’ सारख्या जुन्या गेममध्येही पेंटियम बरोबरीने लढला. शिवाय त्यात हायपर-थ्रेडिंग होतं. मागे अँटिव्हायरस स्कॅन चालू असताना पुढे वर्ड उघडायचं असेल, तर ते मशिन कमी कुरकुरायचं.

तेव्हा घरी एडिटिंगचं काम चालत असेल तर पेंटियम घेणारा शहाणाच होता. पण ज्याला शनिवार-रविवार फक्त गेम खेळायचे होते, त्याने फक्त ‘तीन’ बघून जादा पैसे मोजले असतील, तर त्याला ते गेममध्ये परत मिळाले नाहीत.

मग आपल्याकडे पेंटियमच का?

हा प्रश्न मी दादालाही विचारला. कॅफेसाठी लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणायचे ते तोच. तो हसला. ‘गिऱ्हाईक बोर्ड वाचून आत यायचं. बाहेर पेंटियम फोर लिहिलेलं असलं की काम झालं. एएमडी लिहून कोण येणार होतं?’

जाहिरातीचा मामला तर होताच. दुसरी होती बदनामी. ‘एएमडी गरम होतं’ हे वाक्य तेव्हा प्रत्येक दुकानात ऐकू यायचं. त्याला कारणही होतं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक व्हिडिओ केला होता. चालू मशिनवरचा हीटसिंक काढला आणि जुना ॲथलॉन धूर सोडत जळाला, पेंटियम फोर मात्र स्वतःचा वेग कमी करून वाचला. तो ठपका पुढे वर्षानुवर्षं चिकटला. खरं तर २००४ मध्ये खोली तापवत होता तो प्रेस्कॉट! पण बाजारातलं मत प्रोसेसरसारखं दर सहा महिन्यांनी बदलत नाही.

एएमडीचा स्वतःचा घोळही होता. ॲथलॉन ६४ सुरुवातीला ७५४ पिनांच्या सॉकेटमध्ये बसायचा. २००४ मध्ये ९३९ पिनांचं सॉकेट आलं आणि २००६ मध्ये एएम२. आज घेतलेल्या मदरबोर्डावर उद्याची चिप बसेल, याची खात्री नाही. मध्यमवर्गीय घरात पीसी एकदाच घेतला जायचा, पाच-सात वर्षं पुरवायचा असायचा. तिथे दुकानदाराने ‘कशाला रिस्क घेता?’ म्हटलं की विषय संपायचा.

आणि पडद्यामागेही बरंच काही चाललं होतं, असं एएमडीचं म्हणणं. जून २००५ मध्ये त्यांनी अमेरिकेत इंटेलवर दावा ठोकला. पीसी बनवणाऱ्या कंपन्यांनी एएमडीकडे वळू नये म्हणून इंटेल सवलतींची आमिषं आणि दबाव वापरते, हा आरोप. नोव्हेंबर २००९ मध्ये दोघांनी कोर्टाबाहेर तडजोड केली आणि इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर दिले.

इंटेलने गुडघा टेकला, खरोखरचा!

गिगाहर्ट्झची शर्यत शेवटी इंटेललाच झेपेना. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमची घोषणा झाली होती, पण ऑक्टोबर २००४ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. त्याच महिन्यात ओरलँडोच्या एका परिषदेत इंटेलचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी भर मंचावर गुडघा टेकून गमतीने माफी मागितली. पेंटियम फोर नोव्हेंबर २००४ मध्ये ३.८ ला पोचला आणि तिथेच थांबला. त्याच वर्षी इंटेलने चिपच्या नावातून गिगाहर्ट्झ काढून ५५०, ५६० असे मॉडेल नंबर द्यायला सुरुवात केली. ज्या आकड्याने धंदा केला, तोच नावातून हद्दपार!

पुढे जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. टप्पे १४, ई६६०० या मॉडेलचा वेग फक्त २.४ गिगाहर्ट्झ. पण गेममध्ये त्याने ३.८ चा पेंटियम तर सोडाच, एएमडीचे महागडे ॲथलॉनही मागे टाकले. एएमडीचा धडा इंटेल शिकली होती. आणि २०१४ मध्ये पहिल्या पिढीच्या पेंटियम फोरचा हिशेबही मिटला. टेस्टचे आकडे फुगवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत सुरू असलेल्या खटल्यात तडजोड झाली आणि तिथल्या पात्र ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर मंजूर झाले. चूक झाल्याचं इंटेलने मान्य केलं नाही.

एएमडी मात्र स्वतःचाच धडा विसरली. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी एफएक्स-८१५० आणला. खोक्यावर लिहिलेलं ‘आठ कोअर’, वेग ३.६ गिगाहर्ट्झ. समोर इंटेलचा चार कोअरचा, ३.३ गिगाहर्ट्झचा आय५-२५००के. गेममध्ये जिंकला कोण? चारवाला! ते आठ कोअर खरे आठ मानायचे का, यावरही अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तो मिटवला. मग एप्रिल २०२२ मध्ये एएमडीचाच रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्याच्या भावंडापेक्षा, म्हणजे ५८००एक्सपेक्षा गिगाहर्ट्झ कमी, पण कॅश ३२ च्या जागी ९६ एमबी. गेममध्ये तो भावंडाला भारी पडला. पुन्हा तेच, हाताशी मोठं फडताळ!

थोडक्यात काय, तर आकडा खोटा नव्हता. पेंटियम खरंच ३.२ वर चालायचा. फक्त तो आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्न आपला नव्हताच. आपल्याला विचारायचं होतं, ‘माझा गेम नीट चालेल का?’ आणि आपण विचारत होतो, ‘किती?’ हातात पगार आहे, ईएमआयची सोय आहे, साइटवर सेल सुरू आहे... तेव्हा ‘किती’च्या आधी ‘कशासाठी’ विचारा. महिन्याचा हप्ता आपल्याच खात्यातून जाणार असतो, नाही का?

चौकट : ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी

* तुम्ही खेळता त्याच गेमची टेस्ट शोधा. दुसऱ्या गेममधला विजय तुमच्या कामाचा नाही.

* नुसती सरासरी बघू नका. सर्वांत वाईट क्षणी किती फ्रेम्स मिळतात ते बघा. टेस्टमध्ये त्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. अडखळणं तिथेच पकडलं जातं.

* लॅपटॉपमध्ये नाव सारखं म्हणजे ताकद सारखी नव्हे. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही सेट केलेलं असू शकतं. वॉट किती, ते विचाराच.

* रॅमची एकच पट्टी आहे की दोन? एकाच पट्टीने रस्ता अर्धा होतो.

* एडिटिंग करणार की गेम खेळणार, हे आधी स्वतःशी ठरवा. पंगत आणि उडुपी हॉटेल, दोन्हींचा भटारखाना वेगळा असतो!